उजेडाचा हिशेब

झाडं लावलेली माशांची टाकी ज्यांच्या घरी आहे, त्यांना एक पहाट कधी ना कधी दिसतेच. सगळे मासे पृष्ठभागाशी आलेले, तोंडं वर, कल्ले भराभर हलताहेत. घरातलं कुणीतरी घाईने एअर पंप लावतं, थोड्या वेळाने मासे खाली जातात आणि निदान पक्कं होतं: ऑक्सिजन कमी पडला. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही असतं. पण हेच दृश्य दुपारी दोन वाजता दिसलं तर? दिवे पूर्ण तेजात, पानापानावर बुडबुड्यांच्या माळा, पाण्यात ऑक्सिजन मावेनासा झालेला, आणि मासे तरीही वर येऊन धापा टाकताहेत.

दुपारची ही धाप ऑक्सिजनच्या तुटवड्याची नाही, कार्बन डायऑक्साइडच्या अतिरेकाची आहे. कारण माशाच्या रक्तात आहे. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर (भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) यांनी 1904 साली दाखवलं, की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद घटते. ही एरवी शरीराची सोय आहे. राबणाऱ्या स्नायूपाशी कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून ऑक्सिजन नेमका तिथेच सुटतो. पण माशाला आपल्या रक्तातला हा वायू कल्ल्यांतून पाण्यात सोडायचा असतो. पाण्यातच तो दाटलेला असेल तर बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी होतं, आणि अनेक माशांचं हिमोग्लोबिन आम्लात इतकं हतबल होतं की भोवती कितीही ऑक्सिजन असला तरी ते पुरतं भरतच नाही. म्हणून मासे वर आले की पहिला प्रश्न ‘पंप कुठाय’ हा नसावा, ‘वाजले किती’ हा असावा. आणि मासा कोणता हेही पाहावं. गुरामी, फायटर, आपल्या तळ्यांतली मरळ हे मासे हवेतूनही श्वास घेतात. ते अधूनमधून वर येतात यात काळजीचं काही नाही.

टाकीच्या छंदातला सगळ्यात चिवट गैरसमज इथेच आहे. झाडांसाठी टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ऑक्सिजन पाण्यातून हाकलला जातो, असं पुष्कळ लोक मानतात, दुकानदारही सांगतात. तसं होत नाही. हे दोन वायू पाण्यात एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखे राहतात. एकाकडे पाहुणे वाढले म्हणून दुसऱ्याला खोली सोडावी लागत नाही. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात, दोन्ही एकाच वेळी कमीही. त्यांच्यात ‘तोल’ साधायचा असतो हे म्हणणंच जरा फसवं आहे. त्या दोघांना, आणि शेवाळालाही, हलवणारी गोष्ट तिसरीच आहे. ती म्हणजे उजेड. टाकीत काय कमी पडणार, काय जास्त होणार आणि काचेवर काय उगवणार, हे सगळं वरचा दिवा ठरवतो. तरीही दिवा ही गोष्ट आपण शेवटी तपासतो, म्हणून हा लेख.

या विषयाचा इतिहासही उजेडापासूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने 1771 साली मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पती हवा सुधारतात, एवढं कळलं. पण हा प्रयोग कधी साधायचा, कधी फसायचा, आणि का ते समजत नव्हतं. ते कोडं सोडवलं यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने. देवीच्या रोगावर टोचणी देण्यात हा माणूस इतका निष्णात, की 1768 मध्ये व्हिएन्नाच्या राजघराण्याला टोचण्यासाठी त्याला बोलावणं गेलं होतं. 1779 च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात राहून त्याने शेकडो प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक छापलं. त्याची युक्ती साधी होती: पानं पाण्यात बुडवून ठेवायची आणि त्यांच्यावर बुडबुडे कधी येतात ते पाहायचं. उन्हात ठेवली की बुडबुडे येत, अंधारात थांबत. ऊब देऊन उपयोग नव्हता, उजेडच लागे. आणि अंधारात तीच पानं हवा बिघडवत. आज हौशी लोक ज्याला ‘पर्लिंग’ म्हणतात आणि ज्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात, ते पानांवरचे मोती पाहूनच माणसाला प्रकाशाचं काम कळलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच सुमारास प्रीस्टलीलाही पाण्याच्या बाटल्यांत एक हिरवट थर दिसला. उन्हात ठेवला की तोही शुद्ध हवा सोडे. तो ‘हिरवा पदार्थ’ म्हणजे शेवाळ. तेव्हा शेवाळ म्हणजे ऑक्सिजन खाणारी घाण, हाही समज सोडून द्यायला हवा. उजेडात शेवाळही झाडांइतक्याच इमानाने ऑक्सिजन बनवतं. हिरव्यागार झालेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो. संकट येतं ते रात्री.

मग 1850. लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केमिकल सोसायटीपुढे एक टिपण वाचलं. काचेच्या टाकीत त्यांनी दोन छोटे गोल्डफिश सोडले होते आणि व्हॅलिसनेरिया लावली होती, ती लांब हिरव्या फितींसारख्या पानांची वनस्पती जी आपल्याकडच्या तळ्यांतही वाढते. मासे जे सोडतील ते झाड घेईल आणि झाड जे सोडेल ते मासे घेतील, पाणी बदलायलाच नको, असा विचार. पण जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, पानांवर आणि काचेवर हिरवी बुरशट साय चढली. वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, साय साफ केली, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. म्हणजे नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या ‘संतुलित’ टाकीतही शेवाळ आलंच होतं, आणि ते कुजणाऱ्या पानांमागोमाग आलं होतं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला.

आता आकडे पाहू, कारण त्यांच्याशिवाय हे चित्र कळत नाही. 20 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेशी समतोल झाला की लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 30 अंशांना साडेसात. मे महिन्यात टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं तेव्हा आणखी कमी. आणि त्याच उष्णतेने माशांचा श्वास मात्र वाढलेला असतो. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट उलटी. तो पाण्यात सहज विरघळतो, पण हवेतच इतका थोडा आहे की समतोल झालेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. त्यात आणखी एक अडचण: पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेच्या सुमारे दहा हजार पटींनी कमी. हवेतल्या पानाला वाऱ्याची झुळूक आली की नवा कार्बन मिळतो. बुडालेल्या पानाभोवती स्थिर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यातून एकेक रेणू रांगत येतो. पाण्याखालच्या झाडाची खरी भूक ही आहे.

काही झाडांनी यावर तोड काढली आहे. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात. पाणमॉस आणि कॅबोम्बा यांना ते जमत नाही. महाराष्ट्रात हा फरक नळागणिक जाणवतो. मुंबईला सह्याद्रीच्या पायथ्याच्या धरणांतलं पावसाचं पाणी येतं. ते मऊ, बायकार्बोनेट कमी. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचं पाणी कठीण, भांड्यांवर पांढरे डाग ठेवणारं. औरंगाबाद किंवा सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यात व्हॅलिसनेरिया काही न करता जोमाने फोफावते आणि नाजूक लाल रोटाला खुरटते. मुंबईत रोटाला जगवणं त्या मानाने सोपं. दोष माळ्याच्या हाताचा नसतो. दुकानात रोप निवडण्याआधी आपल्या पाण्याचा ‘केएच’, म्हणजे बायकार्बोनेटचं प्रमाण, मोजावा. साध्या थेंबांच्या किटने काही मिनिटांत कळतो, आणि पुढचे कितीतरी पैसे वाचतात.

बाकीच्या झाडांना कार्बन बाहेरून द्यावा लागतो, आणि ही कल्पना जगभर पोचवली ती जपानच्या निईगाताच्या ताकाशी अमानो यांनी. अमानो (1954–2015) आधी व्यावसायिक सायकलपटू होते, मग छायाचित्रकार आणि टाकीतल्या निसर्गाचे रचनाकार झाले. त्यांच्या टाक्यांमध्ये दगड, लाकूड आणि हिरवळ यांची जी मांडणी दिसते ती सिलिंडरमधून मोजून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर उभी असते. लिस्बनच्या मत्स्यालयातली त्यांची शेवटची मोठी रचना 40 मीटर लांब आणि 1 लाख 60 हजार लिटर पाण्याची. ती 2015 मध्ये उघडली आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे हौशी मंडळींत लिटरमागे 30 मिलिग्रॅम हा आकडा रूढ झाला, म्हणजे नैसर्गिक समतोलाच्या चाळीस-पन्नास पट. एवढ्यात झाडं खुलतात आणि बहुतेक मासे सोसतात. त्यापलीकडे दुपारची ती धाप सुरू होते.

घरोघरच्या पद्धती वेगवेगळ्या. साखर-यीस्टची बाटली सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात बेभरवशाची. यीस्ट तापमानाच्या तालावर चालतं. पुण्याच्या थंडीत ते मरगळतं, एप्रिलमध्ये उसळतं, आणि रात्री त्याला थांबवता येत नाही. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचं दोन बाटल्यांचं जुगाड त्याहून बरं, कारण त्याला झडप बसवता येते. सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड झडप आणि टायमर ही जोडणी महाग पडते पण विश्वासाची. दिवे लागण्याच्या तासभर आधी वायू सुरू, दिवे जाण्याच्या तासभर आधी बंद. टाकीत काचेचा छोटा ड्रॉप चेकर लावावा. त्यातलं द्रावण निळं असेल तर वायू कमी, हिरवं असेल तर ठीक, पिवळं झालं तर धोका. मात्र तो तास-दोन तास मागे असतो. म्हणून पहिल्या दिवशी सिलिंडर उघडून कामावर निघून जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी टाकीसमोर बसून सुरुवात करावी, दर काही वेळाने माशांकडे पाहावं, आणि रंगापेक्षा माशांचं ऐकावं. हिरवळीच्या गालिच्यासाठी मासा गुदमरणार असेल तर तो गालिचा नको, एवढं मी ठामपणे म्हणेन.

‘लिक्विड कार्बन’ म्हणून बाटलीत जे मिळतं त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं, रुग्णालयांत उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. ते वायूची जागा घेत नाही. शेवाळ त्याने मरतं हे खरं, पण व्हॅलिसनेरियाही विरघळते. हातमोजे घालूनच हाताळावं आणि मुलांपासून दूर ठेवावं.

आणि आता शेवाळ. गेली पंचवीस-तीस वर्षं या छंदात सगळ्यात मोठा वाद त्यावरच झाला. 1996 मध्ये पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन या दोघांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: पाण्यात फॉस्फेट जवळजवळ शून्य ठेवा, बाकी सगळी खतं द्या, शेवाळ हटेल. तळ्यांत सांडपाण्याच्या फॉस्फेटने शेवाळ माजतं हे सिद्धच होतं, त्यामुळे तर्क पटण्यासारखा होता. जगभर लोक फॉस्फेट शोषणाऱ्या पिशव्या लावू लागले. मग कॅलिफोर्नियात टॉम बार यांनी दाखवून दिलं की त्यांच्या नळाच्या पाण्यातच फॉस्फेट भरपूर आहे आणि टाकीत शेवाळ नाही. त्यांनी उलटी वाट धरली: खतं मुबलक द्या, आठवड्याला अर्धं पाणी बदला, कार्बन डायऑक्साइड स्थिर ठेवा. हजारो टाक्यांत ती पद्धत चालली. सिअर्स-कॉनलिनच्या सूचनेतली खतं लोकांनी ठेवली, फॉस्फेटचा बागुलबुवा सोडला.

असं का, हे शेवाळाच्या देहाकडे पाहिलं की कळतं. एक पेशी, किंवा पेशींचा एक धागा. प्रत्येक पेशी थेट पाण्याला भिडलेली. मूळ नाही, खोड नाही, पोसायला काही नाही. त्याला लागणारं अन्न इतकं थोडं की टाकीत ते कधी संपतच नाही. उपाशी ठेवायला गेलात तर आधी झाडं मरतात. आणि झाड उपाशी राहिलं की त्याच्या जुन्या पानांतून सेंद्रिय द्रव्यं झिरपू लागतात, पान मऊ पडतं, आणि शेवाळ बरोबर तिथेच बसतं. निरोगी कोवळ्या पानावर ते क्वचितच चढतं.

इथेच दिव्याचा मुद्दा येतो. उजेड वाढवला की झाडाचं कारखान्यासारखं काम सुरू होतं आणि कार्बनची, नायट्रोजनची, पोटॅशची, लोहाची मागणी वाढते. पुरवठा तेवढाच राहिला तर झाड अडकतं. तोच उजेड शेवाळाला मात्र पुरून उरतो. हल्लीचे एलईडी स्वस्त आणि प्रखर झाले आहेत. हौशी माणूस टाकी ‘छान दिसावी’ म्हणून ते दहा-बारा तास लावून ठेवतो, शेवाळ येतं, मग तो औषध शोधायला दुकानात जातो. औषधाआधी दिवा सहा तासांवर आणा आणि मंद करा. शेवाळलेली पानं कापून टाका, अर्धं पाणी बदला, हायड्रिला किंवा सेराटोफायलमसारखी झपाट्याने वाढणारी रोपं भरा. एवढ्यावर बहुतेक टाक्या महिन्या-दोन महिन्यांत सावरतात.

शेवाळाचे प्रकार ओळखता आले तर तेच बरंच सांगून जातं. नव्या टाकीत तपकिरी भुकटी बसते. त्या डायटम्स, काही आठवड्यांत आपोआप जातात. काचेवरचे टणक हिरवे ठिपके जास्त उजेड आणि, गंमत म्हणजे, फॉस्फेटच्या कमतरतेशी जोडले जातात. पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुबके येतात, ज्यांना हौशी लोक ‘बीबीए’ म्हणतात. ते लाल शैवलाच्या कुळातले, आणि अनुभवी मंडळींच्या मते कार्बन डायऑक्साइड रोज कमी-जास्त होत असेल तिथे हटकून येतात. यीस्टच्या बाटलीवरच्या टाक्यांत ते का दिसतात हे त्यावरून कळावं. वाळूवर पसरणारी, कुबट वासाची निळसर हिरवी चादर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. त्यावर एरिथ्रोमायसिन टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने चादर जातेही. पण माणसाचं प्रतिजैविक टाकीत ओतायचं आणि ते पाणी मोरीत सोडायचं, हे मला अजिबात मान्य नाही. चादर हाताने ओढून काढा, तीन-चार दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवा, तळाचा गाळ उपसा.

रात्रीचं गणित वेगळं. दिवा गेला की ऑक्सिजन बनणं थांबतं आणि सगळे नुसते खर्च करू लागतात: मासे, झाडं, शेवाळ, आणि दिसत नाहीत ते जिवाणू. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला जिवाणू साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन वापरतात. म्हणून जास्त खाद्य टाकलेल्या टाकीत पहाट वाईट जाते. एअर स्टोनच्या बुडबुड्यांतून पाण्यात फारसं काही विरघळत नाही. काम होतं ते पृष्ठभाग ढवळला जातो म्हणून. त्यामुळेच दिवसा पंप चालू ठेवला तर महागामोलाचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पंप रात्री, वायू दिवसा, ही वाटणी शहाणपणाची. भारनियमनाच्या गावात बॅटरीवरचा पंप हवाच. आणि वीज काही तास गेली असेल तर कॅनिस्टर फिल्टर थेट सुरू करू नका. आत ऑक्सिजनविना मेलेल्या जिवाणूंचं पाणी साचलेलं असतं, ते आधी फेकून द्या.

या सगळ्या यंत्रणेला पर्यायही आहे. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या त्यांच्या पुस्तकात बागेच्या मातीवर उभी टाकी मांडली. तळाशी साधी माती, वर वाळूचा थर, मासे थोडे, झाडं खच्चून. मातीतलं सेंद्रिय कुजून कार्बन डायऑक्साइड आपोआप मिळत राहतो, उजेड माफक ठेवायचा. वाढ सावकाश होते, लाल गालिचे होत नाहीत, पण वर्षानुवर्षं टिकते. मुंबई-पुण्याच्या लहान घरांत, नोकरी सांभाळून टाकी ठेवणाऱ्या माणसाला मी हीच सुचवेन. ब्राह्मी, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, आपल्या मातीतल्याच या वनस्पती तिच्यात उत्तम चालतात.

टाकीत जे काही महिन्यांत घडतं ते तळ्यात काही वर्षांत घडतं. डच परिसंस्थातज्ज्ञ मार्टेन शेफर यांनी 1993 पासून मांडलं की उथळ तळ्यांना दोन स्थिर अवस्था असतात: झाडांची, स्वच्छ पाण्याची, किंवा शेवाळाची, गढूळ पाण्याची. झाडं गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जिवांना आसरा देतात. एकदा झाडं गेली की पाणी गढूळतं, तळापर्यंत उजेड पोचत नाही, आणि सांडपाणी थोडं कमी केलं तरी झाडं परतत नाहीत. ऑक्सिजनचा खर्च उत्पन्नाबाहेर गेला की काय होतं, हे मुंबईच्या बाणगंगा तलावावर दिसतं. सर्वपित्री अमावास्येनंतर तिथे मासे मेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पिंडांचा भात आणि पीठ पाण्यात कुजतं, जिवाणू ऑक्सिजन संपवतात.

उलट दिशेचं काम पूर्व विदर्भात चाललं आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत, जे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधले, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या स्त्री-पुरुषांना घेऊन बेशरमाची झुडपं उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठलं झाड कुठल्या खोलीला वाढतं आणि कोणता मासा त्यात अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. ते नोंदवून लागवड केली गेली. टाकीच्या छंदात आपण जे पुस्तकातून शिकतो ते ही माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून करतात.

छंदाने या तळ्यांचं नुकसान मात्र होऊ नये. केरळच्या कालव्यांत आणि ओढ्यांत गुलाबी फुलांचा कॅबोम्बा माजला आहे; मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ॲक्वेरियमच्या व्यापारातून आलेला. फुलं पाहायला पर्यटक येतात आणि खाली पाणी गुदमरत असतं. जोमाने वाढणाऱ्या टाकीत दर पंधरवड्याला ओंजळभर छाटणी निघते. ती नाल्यात, विहिरीत, तळ्यात कधीच टाकू नये. एका कांडातून नवं रोप उभं राहतं. गच्चीत कडक उन्हात दोन दिवस पसरा, पूर्ण वाळली की कुंडीतल्या मातीत मिसळा. टाकीचं बदललेलं पाणीही झाडांनाच घाला. त्यातलं नायट्रेट तुळशीला चालतं.